उंबरठ्याबाहेरून दिलेली हाक

इस्लांद मारी फिलोजेन; जन्म ब्रुकलिन येथे, ९ सप्टेंबर १९७८. दुसऱ्या तारखेची जागा अद्याप रिकामी आहे आणि ती पुष्कळ वर्षे रिकामीच राहावी. वडील अंतेनोर फिलोजेन (१९३९ ते २०११), मूळचे हैतीतील जेरेमी गावचे सरकारी मोजणीदार, पुढे लाँग आयलंडवरील एका इस्पितळाच्या धुलाईघरातील कामगार. आई क्लेरमीज, वृद्धाश्रमात मदतनीस. मार्च १९८५ मध्ये, म्हणजे इस्लांद साडेसहा वर्षांची असताना, हे तिघे ब्रुकलिनची भाड्याची खोली सोडून एल्मरिज या उपनगरात, बर्च रस्त्यावरील एका लहानशा स्वतंत्र घरात राहावयास आले. या कुटुंबाची हकीकत सांगताना तारखा काटेकोर देणे भाग आहे, कारण अंतेनोरांनी त्या सर्व आपल्या वहीत स्वतः नोंदवून ठेवल्या आहेत आणि त्यांत चूक झालेली त्यांना खपली नसती.

अंतेनोर हद्द मानणारे गृहस्थ होते. वीस वर्षे दुसऱ्यांच्या जमिनींना साखळी लावून मोजणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या बांधावर पाय ठेवताना जी शुद्ध असते, ती त्यांना मोठ्या शहरातही सुटली नव्हती. कोणाच्याही घरी जाताना ते दाराशी जात नसत. अंगणाच्या कडेला थांबत, टोपी काढीत आणि खणखणीत आवाजात म्हणत, "ओने!" म्हणजे मान. आतून "रेस्पे!" म्हणजे आदर, असे उत्तर आले की मगच पाऊल पुढे पडे. जेरेमीच्या डोंगरात सगळे असेच करीत. बेल दाबणे म्हणजे यंत्राकरवी माणसाला उठवणे, दार ठोकणे म्हणजे त्याच्या लाकडाला मारणे, आणि हाक देणे म्हणजे त्याला विचारणे, असे त्यांचे मत होते. स्वतःच्या घरी परततानादेखील ते हाक देत. तिला उत्तर देण्याचे काम इस्लांदला बोलता येऊ लागल्यापासून तिचेच होते. वडिलांची हाक ऐकली की ती हातातले टाकून धावे आणि ओरडे, "रेस्पे!"

नव्या घरातील पहिल्याच रविवारी अंतेनोरांनी करड्या रंगाची टोपी घातली, गळ्यात टाय बांधला, खारवलेल्या माशाचे सारण भरलेल्या पॅटिसची बशी कडक इस्त्रीच्या रुमालाखाली झाकली आणि मुलीचा हात धरून ते शेजाऱ्यांची ओळख करून घ्यावयास निघाले. शेजारी मिसेस हॅलोरन नावाच्या विधवा बाई राहत. कुंपणाची झुडपे संपतात तेथे अंतेनोर थांबले.

"ओने!"

उत्तर नाही. रस्त्यापलीकडे सायकली घेऊन उभी असलेली तीन पोरे वळून पाहू लागली.

"ओने!"

तिसऱ्या हाकेला मिसेस हॅलोरन सपाता घालून लगबगीने बाहेर आल्या. "अगं बाई, कुत्रा हरवला का तुमचा?"

अंतेनोरांना इंग्रजी वाचता येई. कानाने मात्र ते अजून पोचले नव्हते. "काय म्हणतायत बाई?" त्यांनी मुलीला विचारले.

इस्लांदने पोरांकडे पाहिले. पोरे हसत होती. मान, आदर, अंगण, हाक हे सगळे इंग्रजीत कसे सांगतात, ते तिला ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असते तरी त्या पोरांपुढे तिने सांगितले नसते. ती म्हणाली, "हो. कुत्रा हरवलाय."

"अरेरे! कसा दिसतो गं?"

"तपकिरी. एक कान पांढरा आहे." मग वडिलांकडे वळून ती आपल्या भाषेत म्हणाली, "पापा, त्या म्हणतायत, या, बसा."

अंतेनोरांनी समाधानाने मान झुकवली आणि बशी पुढे केली. मिसेस हॅलोरननी एका हाताने बशी घेऊन पायरीवर ठेवली, अंगात कोट चढवला आणि कुत्र्याला हाका मारीत त्या कोपऱ्यावरून दिसेनाशा झाल्या. बाप आणि मुलगी पायरीवर पाऊण तास बसून राहिली.

"या देशात पाहुण्याला बसवून यजमान बाहेर जातात वाटतं," अंतेनोर म्हणाले. "असेल. प्रत्येकाची रीत असते."

मिसेस हॅलोरन त्या कुत्र्याला दोन दिवस शोधीत होत्या. त्यांनी वाण्याच्या दुकानात चिठ्ठीही लावली. सायकलवाल्या पोरांनी तर वर्षभर इस्लांदची पाठ सोडली नाही. ती दिसली की पोरे ओरडत, "ओने, ओने! यू, यू, यू!"

शाळेत तिच्या नावाचे 'आयलंड' झाले. त्या काळी हैतीच्या लोकांविषयी तेथे नाही नाही ते बोलले जाई आणि मोठी माणसे जेवणाच्या टेबलावर जे बोलत ते मुले डब्याबरोबर शाळेत आणीत. चौथीत कॅरी टोबिन नावाच्या मुलीने भर मधल्या सुट्टीत विचारले, "काय गं आयलंड, तुम्ही होडीत लपून आलात ना? तुमच्याशेजारी बसलं की रोग होतो म्हणे."

"आम्ही मार्टिनिकचे आहोत," इस्लांद म्हणाली. "आणि विमानाने आलो."

आईवडिलांपुरती विमानाची गोष्ट खरी होती. त्या दिवसापासून ती शाळेत मार्टिनिकची, म्हणजे त्याच समुद्रातल्या एका फ्रेंच बेटाची झाली. घरी काळ्या अळंब्यांचा भात आवडीने खाणारी ही मुलगी शाळेत पावाला जॅम लावून नेऊ लागली. आईवडिलांना या स्थलांतराचा पत्ता नव्हता.

तो लागला १७ मे १९९१ रोजी. शाळेत देशोदेशींचा दिवस होता. प्रत्येक मुलाने आपल्या घरच्या देशाचे टेबल मांडायचे होते. इस्लांदने ही बातमी घरी येऊ दिली नव्हती, पण दप्तरातली सूचना क्लेरमीजच्या हाती लागली आणि अंतेनोरांनी कोणालाही न सांगता आपली पाळी बदलून घेतली. दोन संध्याकाळी बसून त्यांनी आठवणीतून जेरेमीचा नकाशा काढला. नदी, चर्च, बाजार, समुद्राकडची उतरण, सारे मापाला धरून. कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. त्याची सुरळी बगलेत धरून, टोपी घालून ते सातवीच्या वर्गाच्या दाराशी येऊन उभे राहिले.

दार उघडेच होते. तरीही ते आत गेले नाहीत. त्यांनी टोपी काढली आणि भोवतालच्या गलबल्याचा मान ठेवून हलक्या आवाजात म्हटले, "ओने."

इस्लांदने ते ऐकले. तिच्या टेबलावर मार्टिनिकचा छापील नकाशा होता आणि कॅरी टोबिन तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होती.

"तो हॅटवाला माणूस कोणाला शोधतोय गं?" कॅरीने विचारले.

"कोण जाणे," इस्लांद म्हणाली आणि नकाशाकडे पाहत राहिली.

शिक्षिका दाराकडे गेल्या, तोवर तेथे कोणी नव्हते.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर अंतेनोरांनी सुरी आणि काटा सरळ रेषेत ठेवला. मुलीवर फार रागावले की ते तिला आपण म्हणत.

"मादमुआझेल फिलोजेन, आपल्या मार्टिनिकमध्ये सध्या हवा कशी आहे?"

इस्लांद रडू लागली. "पापा, त्या मुली..."

"देश चुकीचा सांगितलात, ते मी समजू शकतो. माणूस घाबरतं. पण दाराशी कोणी उभं आहे, हाक दिली आहे, आपण ती ऐकली आहे, आणि उत्तर नाही? आमच्याकडे वैऱ्यालासुद्धा आधी रेस्पे म्हणतात. भांडण मग करतात."

एवढे बोलून ते उठले आणि नकाशाची सुरळी त्यांनी कपाटावर ठेवून दिली. दुसऱ्या दिवसापासून ते घरी येताना हाक देईनासे झाले. खिशातून किल्ली काढीत, कुलूप उघडीत आणि आत येत. इस्लांद रोज त्या वेळेला स्वयंपाकघरात कान देऊन बसे आणि तिला रोज किल्लीचा आवाज ऐकू येई. ते कठोरपणे वागत नसत. तिची गणिते तपासत, तिला थंडीसाठी कोट आणून देत. पण हाक नाही. मुलीने दोनदा क्षमा मागितली, ती त्यांनी दिली. तरीही हाक नाही.

"यांची तोंडं बघा," क्लेरमीज म्हणे. "बाप-लेकीत जणू बांधाचा दावा लागलाय. आणि साक्षीदार म्हणून मीच उपाशी!"

असे दोन वर्षे आणि आठ महिने गेले.

जानेवारी १९९४ मधल्या एका मंगळवारी पाऊस पडता पडता गोठला. तारा तुटल्या, झाडे रस्त्यांवर आडवी झाली आणि सारे एल्मरिज विजेविना थंडगार पडले. अंतेनोर इस्पितळात आणि क्लेरमीज वृद्धाश्रमात अडकली. दोन्हीकडे पाळीवरच्यांना सोडत नव्हते. पंधरा वर्षांची इस्लांद बुधवारी सकाळी मिसेस हॅलोरनना हाताला धरून, घसरत, तोल सावरीत शाळेच्या व्यायामशाळेत घेऊन गेली. तेथे गावाने जनित्र लावून ऊबेची सोय केली होती. निम्मे एल्मरिज तेथे घोंगड्या पांघरून बसले होते.

दहाच्या सुमारास अग्निशमन दलाचे कॅप्टन रे टोबिन आत आले. हे कॅरीचे वडील; एरवी त्यांचे हार्डवेअरचे दुकान होते. मिशांवर बर्फ घेऊनच ते बोलू लागले. स्टेशनमागच्या डेपो रस्त्यावर हैतीच्या लोकांची विटांची दुमजली घरे होती. रस्त्याकडे उघडणारी अडतीस दारे. त्यांतल्या एका घरातून सकाळी चार माणसांना बेशुद्ध होता होता बाहेर काढले होते. घर गरम राहावे म्हणून त्यांनी कोळशाची शेगडी आत घेऊन खिडक्या बंद केल्या होत्या.

"बाकीच्या घरांतही तेच चाललं असणार," कॅप्टन म्हणाले. "त्या विषारी वायूला वास नसतो. आम्ही दारं बडवतोय, भोंग्यावरून ओरडतोय, कोणी उघडत नाही. आत माणसं आहेत, पडदे हलतात. यांची भाषा येणारं कोणी आहे का इथं?"

इस्लांद खाली पाहत होती. चार हातांवर कॅरी बसली होती आणि तिच्याभोवती शाळेतला अर्धा वर्ग. इस्लांदला डेपो रस्त्यावरची स्वयंपाकघरे डोळ्यांपुढे दिसत होती. ज्यांनी जन्मभर कोळशावर कॉफी केली, ते आज दुसरे काय करणार? आणि गावी शेगडी पेटायची ती उघड्या पडवीत, हे कोणाला आठवणार? ती उठली.

"मला येते."

"तू तर मार्टिनिकची ना?" कॅरी म्हणाली.

"नाही. मी हैतीची. माझे पापा जेरेमीचे आहेत." आणि जरा थांबून ती म्हणाली, "तो हॅटवाला माणूस. तो मला शोधत होता."

मिसेस हॅलोरननी आपली लोकरी टोपी काढून तिच्या डोक्यावर बसवली. "जा बाळा. आणि जपून चाल, नाहीतर तुलाच शोधायची वेळ येईल."

डेपो रस्त्यावर पहिल्या दाराशी कॅप्टननी मूठ आपटली. इस्लांद आपल्या भाषेत मोठ्याने म्हणाली, "दार उघडा! शेगडीच्या धुराने जीव जातो! शेगडी बाहेर काढा!"

आत पडदा हलला आणि स्थिर झाला. तेव्हा तिच्या ध्यानात आले. शिरस्त्राणे घातलेले सहा पुरुष दार बडवताहेत आणि त्यांच्यामागून कोणी आपल्याच भाषेत 'उघडा' म्हणते आहे. या माणसांनी ज्या काळात देश सोडला, त्या काळात दार बडवणारे माणसाला उचलून नेत आणि अशा दाराआड श्वास रोखून बसणे हेच शहाणपण होते.

"कॅप्टन, तुम्ही सगळे मागे व्हा. पार रस्त्यावर. आणि ती शिरस्त्राणं काढा."

"अगं, वेळ कुठे आहे?"

"दार बडवण्यात तुमचा एक तास गेलाय ना?"

कॅप्टननी तिच्याकडे पाहिले आणि माणसांना मागे घेतले. इस्लांद पायवाटेवरून उलटी चालत कडेला आली. तिचे वडील उभे राहिले असते बरोबर तेथे उभी राहिली. तिने टोपी काढून हातात घेतली. नऊ वर्षे ज्या शब्दाने तिचा पिच्छा पुरवला होता, तो तिने छाती भरून उच्चारला.

"ओने!"

मग आतून बारीक, कुरकुरता, म्हातारा आवाज आला.

"रेस्पे!"

आणि दार उघडले. मदाम सेंतेलिस नावाच्या आजीबाई तीन स्वेटर घालून उभ्या होत्या. "कोणाची गं तू?"

"अंतेनोर फिलोजेन, मोजणीदार. त्यांची मुलगी."

"टोपीवाल्याची? मग मघापासून बाहेर काय करतेस? आणि ही माणसं माझ्या दाराला का मारतायत? दारानं काय घोडं मारलंय त्यांचं? बडवणाऱ्याला कोणी उत्तर देतं का?"

टेबलाखाली शेगडी धगधगत होती आणि आजीबाईंचे डोके सकाळपासून 'ठणकत' होते. ते त्यांनी थंडीच्या खात्यावर टाकले होते. शेगडी बर्फात फेकली गेली. आजीबाईंनी कोट चढवला आणि पुढच्या दाराला त्याही बरोबर आल्या. दुसरे दार उघडले, तिसरे उघडले. पाचव्या घरातून दोघे हाका द्यावयास बाहेर पडले. बाराव्या दाराशी कॅप्टनना राहवले नाही. त्यांनी शिरस्त्राण काखेत धरले आणि ते ओरडले, "ओनेय!" आतून आधी हसण्याचा आवाज आला आणि मग उत्तर. "रेस्पे, रेस्पे! अरे, याला कोणीतरी बोलायला शिकवा!"

दुपारी एकपर्यंत सदतीस दारे उघडली होती. राहिले एक, सतरा क्रमांकाचे वरचे. तेथे दोर्सेंव्हिल आडनावाचे दोन तरुण भाऊ राहत.

"ओने!" इस्लांदने जिन्याच्या पायथ्याशी उभे राहून हाक दिली. उत्तर नाही. पुन्हा दिली. तिसऱ्यांदा दिली.

"कामावर गेले असतील," मदाम सेंतेलिस म्हणाल्या. "बेकरीत असतात दोघं."

कॅप्टन म्हणाले, "घर रिकामं असेल तर उगाच दार तोडायला नको. दोन रस्ते अजून बाकी आहेत."

इस्लांदने वर पाहिले. दाराबाहेर बुटांचे दोन जोड होते आणि त्यांच्यावर कालचा बर्फ चढला होता. तिला जेवणाच्या टेबलावरचे वडील आठवले. वैऱ्यालासुद्धा आधी रेस्पे म्हणतात. शुद्धीवरचा माणूस ही हाक ऐकून गप्प बसत नाही. ती एकदा गप्प बसली होती, म्हणून ते किती अवघड असते हे तिला ठाऊक होते.

"ते आत आहेत," ती म्हणाली. "उत्तर देता येत नाहीये. तोडा."

"नक्की?"

"तोडा!"

दोन घावांत दार गेले. दोघे भाऊ पलंगावर पडलेले होते. पायाशी शेगडी होती. त्यांना उघड्या हवेत आणून प्राणवायू लावला, तेव्हा धाकट्याने प्रथम डोळे उघडले. भोवती जमलेला सारा रस्ता पाहून तो पुटपुटला, "रेस्पे." कोणीतरी रडू लागले, कोणी टाळ्या वाजवल्या, आणि मदाम सेंतेलिस म्हणाल्या, "उशीर केलास रे, पण रीत सोडली नाहीस!"

अंतेनोर गुरुवारी दुपारी सुटले. बुटांना गोणपाट बांधून ते चार मैल चालत आले. त्यांची वाट डेपो रस्त्यावरून होती आणि तेथे अडतीस दारांनी त्यांना काय सांगितले असेल, ते लिहावयास नको.

इस्लांद स्वयंपाकघरात होती. तिने पायरीवर पावले ऐकली आणि सवयीने किल्लीच्या आवाजाची वाट पाहिली. तो आला नाही. पावले दारापासून मागे फिरली, पायरी उतरली, पायवाट संपेतोवर गेली आणि झुडपांपाशी थांबली.

"ओने!"

हातातली पळी खाली पडली. दोन वर्षे आठ महिने सांभाळून ठेवलेले उत्तर एकदम बाहेर येईना. मग ते आले, आणि असे आले की बर्च रस्त्यावरच्या झाडांवरचा बर्फ झडावा.

"रेस्पे!"

अंतेनोर टोपी हातात घेऊन दारात आले. तेवढ्यात शेजारची खिडकी वर झाली आणि मिसेस हॅलोरन आनंदाने ओरडल्या, "सापडला का गं कुत्रा?"

यानंतरची नोंद थोडक्यात अशी. जेरेमीचा नकाशा कपाटावरून उतरला आणि वसंतात शाळेच्या भिंतीवर लागला. एल्मरिजच्या आगीच्या बंबांत ते दोन शब्द लिहिलेले पत्रक आजही असते आणि आपत्कालीन दूरध्वनी केंद्रावर गेली वीस वर्षे इस्लांद फिलोजेन प्रमुख आहे. कॅरी टोबिनने त्या होडीच्या प्रश्नाबद्दल कधी क्षमा मागितली नाही; ते बाकी आहे. दोर्सेंव्हिल भावांचे तोडलेले दार कॅप्टननी आपल्या दुकानातून स्वतः नेऊन बसवले.

कुत्र्याचे प्रकरण इस्लांदने १९९५ च्या उन्हाळ्यात कबूल केले. मिसेस हॅलोरननी शांतपणे ऐकून घेतले.

"दोन दिवस शोधला मी त्याला. या गुडघ्यांनी!"

"चुकले मी."

"चुकलीस ते झालं. आता तो कुत्रा आणून दे."

इस्लांदने आणून दिला. तपकिरी मिळाला, पांढरा कान मात्र मिळाला नाही, पांढऱ्या पायावर भागवावे लागले. मिसेस हॅलोरननी त्याचे नाव ओने ठेवले आणि त्या कोणाच्याही सांगण्याने बधल्या नाहीत. संध्याकाळी त्या डेपो रस्त्यावरून त्याला हाका मारीत जात, तेव्हा दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून उत्तरे येत.

अंतेनोरांना हे नाव पसंत नव्हते. पण शेजारी जाताना ते पूर्वीप्रमाणेच झुडपांपाशी थांबत, टोपी काढीत आणि हाक देत. आणि बाई बाहेर येण्याआधी कुत्रा शेपूट हलवीत धावत येई. हे उत्तर धरून हद्द ओलांडावी की बाईंची वाट पाहावी, हा प्रश्न त्यांनी वहीत तारखेसह लिहून ठेवला आहे. त्याखालची निकालाची ओळ कोरी आहे.